चांदणी नसलेला रकाना

संगणकावर नवा अर्ज तयार झाला की परशरामअण्णा त्यात आधी काही लिहायचेच नाहीत. पहिल्या रकान्यात जायचे, स्पेसबार चार-पाच वेळा दाबायचे आणि ‘पुढे’वर टिचकी मारायचे. अर्ज निमूट पुढच्या पानावर गेला की खुर्ची मागे ढकलून म्हणायचे, "गेलं बगा. नुसता वारा भरला तरी गेलं." ज्यानं तो अर्ज बनवला असेल तो खाली मान घालून पुन्हा कामाला लागायचा. संगणकाला मोकळी जागासुद्धा अक्षरासारखीच दिसते. ती दोन्ही टोकांनी छाटायची आणि मग आत काही उरतं का ते बघायचं, ही गोष्ट आमच्या ऑफिसात प्रत्येक जण अण्णांकडून शिकला, आणि बहुधा चारचौघांत शिकला.

अण्णा गेले. ऑफिस शांत झालंय असं आता येणारे-जाणारे म्हणतात, आणि ते अगदी शब्दशः खरं आहे. अण्णांचं घर वडगावातलं, विणकरांचं. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलणं कधी जमलंच नाही. एखाद्या दवाखान्याला फोन करून "तुमच्या पेशंटची माहिती आमच्याकडं गुप्त ऱ्हाती, काळजी करू नका" हेसुद्धा ते असं सांगायचे की खाली औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वर करून बघायचं.

आमचं ऑफिस शहापुरात, त्या औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खानापूरपासून निपाणीपर्यंतचे लहान दवाखाने, शाळा, पतसंस्था यांना लागणारे संगणकावरचे अर्ज आम्ही करून देतो. अण्णा तिथले सगळ्यांत जुने इंजिनियर. मी मराठी घेऊन एम.ए. केलेली, कंग्राळीहून येणारी. अर्जावरचे मराठी शब्द लिहिणं हे माझं काम. कन्नड शब्द दुसरी एक मैत्रीण लिहिते. अण्णा मला पहिल्या दिवशी ‘एमेबाई’ म्हणाले ते शेवटपर्यंत.

पहिल्याच आठवड्यात मी एक सूचना लिहून दिली होती. नावाचा रकाना कोणी रिकामा सोडला तर पडद्यावर यायची ती. ‘सदर रकाना रिक्त ठेवता येणार नाही. कृपया आवश्यक माहितीची पूर्तता करावी.’ अण्णांनी ती उभं राहून वाचून दाखवली, कोर्टात पुकारा करतात तशी.

"एमेबाई, हे कुणाला लिवलंय?"

"अर्ज भरणाऱ्याला."

"त्यानं काय गुन्हा केलाय? नाव लिवायचं ऱ्हायलंय न्हवं? मग तेवढंच सांगा की. मी बाजाराला निघालो की आमची आक्का मागनं म्हणायची, ‘पिशवी ऱ्हायली रं.’ तसं."

मी ‘नाव राहिलं आहे’ एवढंच ठेवलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, मान हलवली, आणि त्यानंतर आमच्या कुठल्याही अर्जावर ‘सदर’ आलं नाही. मला तेव्हा राग आला होता. शिकलेलं सगळं एका पिशवीत कोंबल्यासारखं वाटलं होतं.

जो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही त्याच्यासमोर लाल चांदणी असते. आमच्या गिऱ्हाइकांना ती फार आवडते. चेअरमन येवोत, मुख्याध्यापक येवोत, त्यांना सगळ्याच रकान्यांना चांदणी हवी असते. अण्णा प्रत्येक चांदणीसाठी भांडायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला होता: "हे न्हाय कळलं तर कुणाचं काय अडतंय?" उत्तर पटलं तर चांदणी द्यायचे, आणि मग त्या रकान्याच्या बाबतीत इतके कडक व्हायचे की टिंब, रेघ, एकुलतं एक अक्षर, काही चालू द्यायचे नाहीत. नाही पटलं तर जागचे हलायचे नाहीत. "धागा तुटला की माग थांबायलाच पायजे," ते सांगायचे, "न्हायतर लुगडं वाया जातंय. पर प्रत्येक गाठीला थांबाय लागला तर लुगडं निघंल कधी?" दोन्ही वाक्यं ते सारख्याच जोरात म्हणत, त्यामुळे नवख्या माणसाला ते अडवायच्या बाजूचे आहेत की सोडायच्या, हे लवकर कळायचं नाही.

खानापूरकडच्या एका शाळेनं त्यांचं ऐकलं नाही. प्रवेशअर्जात पालकांचा ई-मेल सक्तीचा हवाच, म्हणाले. अण्णांनी चिडून चांदणी दिली. शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिथल्या झेरॉक्सच्या दुकानाचा मालक आमच्या दारात येऊन उभा राहिला. गावातल्या लोकांचे अर्ज त्यानंच भरून दिले होते. ई-मेल बहुतेकांकडे नव्हता, त्याशिवाय अर्ज हलत नव्हता, म्हणून त्यानं सगळीकडे स्वतःचाच घातला होता.

"साहेब, माझं अजून लगीन न्हाय," तो म्हणाला, "आणि मला रोज सकाळी येतंय, ‘प्रिय पालक, आपला पाल्य आज गैरहजर आहे.’ काल तर पालकसभेला आलो न्हाय म्हणून मलाच समज दिलीया."

अण्णा इतके हसले की खालचा औषधवाला काय झालं ते बघायला वर आला. दुकानदाराला त्यांनी चहा पाजला, शाळेला फोन लावून चांदणी काढून टाकली. हसू ओसरल्यावर मात्र आम्हाला म्हणाले, "ह्यात खोटं बोलायची हौस कुणाला नव्हती. आपण बोलाय लावलं."

असा माणूस सोबत काम करायला सोपा नसतो. त्यांच्या वादांमुळे ठरलेल्या तारखा चुकायच्या, एखादं गिऱ्हाईक तुटायचं, मालकांशी बोलाचाली व्हायची. स्वतःच्या बाबतीत ते अगदीच बेफिकीर. ऑफिसात आल्याची नोंद संगणकावर करायला विसरायचे आणि कुणी टोकलं तर "मी हाय की हितं, ऐकू येत न्हाय व्हय?" म्हणायचे.

निपाणीतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात मात्र नावाच्या रकान्याची चांदणी अण्णांना स्वतःलाच पटलेली होती. पूर्वी, दुसऱ्या कुणी करून दिलेला अर्ज होता तेव्हा, गर्दीच्या वेळी काऊंटरवर नावाच्या जागी नुसता स्पेसबार दाबून पुढे जात. बिननावाचे रिपोर्ट इकडचे तिकडे व्हायला लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून अण्णांनी तो रकाना पक्का केला. नावाशिवाय एकही अर्ज पुढे जाणार नाही. काही दिवस ठीक चाललं. मग बाईंचा फोन आला.

"परशराम, तुमच्या अर्जापायी आमच्याकडं सगळी एकाच नावाची पोरं जन्माला यायला लागलीत."

"काय नाव?"

"बारशानंतर."

अण्णांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, त्यामुळे आम्ही सगळेच हसलो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत बाळाला नाव नसतं. घरात ठरलेलं असलं तरी कुणी उच्चारत नाही. काऊंटरवरची रेश्मा विचारायची, बाळाचं नाव काय? सोबत आलेली आजी सांगायची, बारशानंतर. नावाशिवाय अर्ज हलत नाही, मागे रांग वाढतेय, म्हणून रेश्मा तेच लिहायची. त्यात टिंब नव्हतं, रेघ नव्हती, अक्षरं भरपूर होती. अण्णांच्या सगळ्या चाळण्यांतून ते नाव सुखरूप पार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ऑफिसची गाडी काढली. नवे शब्द तिथंच बसून ठरवू, म्हणून मलाही सोबत घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या सकाळी डोळे पिवळे दिसतात म्हणून दोन घरांनी आपापली तान्ही बाळं तपासायला आणली होती. दोघांच्याही अर्जावर नाव ‘बारशानंतर’. रक्ताच्या नळ्यांवर नाव तेवढं लिहिलेलं. दोन रिपोर्ट आले. एक ठीक होता. दुसऱ्यात कावीळ इतकी वाढलेली होती की बाई म्हणाल्या, "ह्या बाळाला आजच्या आज निळ्या दिव्याखाली घ्यायला पाहिजे. उशीर झाला तर मेंदूला धोका असतो." एका बाळाची माणसं बाहेर बाकावर बसून होती. त्याचं रक्त पुन्हा काढून बघितलं तर ते ठीक निघालं. म्हणजे धोका दुसऱ्याला होता, आणि त्याची माणसं ‘रिपोर्ट उद्या नेतो’ म्हणून बसनं केव्हाच निघून गेली होती.

अण्णांनी रेश्माच्या खुर्चीत बसून त्या बाळाचा अर्ज उघडला. नाव, चांदणीसह: बारशानंतर. फोन, चांदणीसह: नुसते नऊ, ओळीनं. गाव, चांदणीसह: ‘गाव’. आईच्या नावाला चांदणी नव्हती; ते रिकामंच होतं.

रेश्मा रडायच्या बेतात होती. "फोन घरात ऱ्हायलाय, नंबर पाठ न्हाय म्हणाले, अण्णा. मागं लोक ओरडालते. मी तरी काय करू?"

"तू काय करणार? पुढं जायला दुसरी वाट मी ठेवलीया कुठं?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

अर्जाच्या अगदी तळाशी एक रकाना होता. ‘आणखी काही सांगायचं आहे?’ त्याला चांदणी नव्हती. डॉक्टरीणबाईंना तो निरुपयोगी वाटायचा. अण्णांनी तो भांडून ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं की माणसाला जे सांगायचं असतं नेमकं तेच आपण विचारत नाही. अण्णा पान खाली सरकवत तिथं आले. रेश्मानं लिहिलं होतं: ‘मामाला घाई आहे. संकेश्वरात बसस्टँडजवळ रसाचं दुकान शेजाऱ्यावर सोडून आलाय. लवकर सोडा म्हणतो.’

अण्णांनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं, आणि उठले.

"संकेश्वर तुमच्या वाटेवरच आहे," बाई म्हणाल्या. "बाळ मिळालं की तसंच घेऊन या. मी दिवा मोकळा ठेवते."

हमरस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली आडवी आली तेव्हासुद्धा अण्णा ओरडले नाहीत. मी मनात हिशेब करत होते, की बाळ त्या मामाच्या घरी नसेल, नुसताच मामा असेल, तो दुकानात नसेल, दुकान बंद करून कुठं गेला असेल. अण्णा बहुधा तेच करत असावेत.

उन्हाळ्यात संकेश्वरच्या बसस्टँडजवळ रसाच्या दुकानांची रांगच असते. अण्णांनी गाडी लावली आणि मधोमध उभं राहून विचारलं, "आज सकाळी दुकान शेजाऱ्यावर टाकून निपाणीला कोण गेलतं?" रसाच्या यंत्रांना बांधलेली घुंगरं वाजत होती, त्यांच्यावरून तो आवाज पार टोकापर्यंत गेला.

"का वो? काय केलं त्यानं?" एका दुकानातून प्रश्न आला.

"काय केलं न्हाय. त्याच्या भाचीचा रिपोर्ट हाय."

"मग भैरूच तो. भैरू, ए भैरू. तुला मोठ्ठा आवाज शोधालाय बग."

भैरू हातात उसाचं कांडं घेऊनच बाहेर आला. त्यानं अण्णांकडे बघितलं, माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "विमा न्हाय पायजे. काढलाय."

"विमा न्हाय रं बाबा. निपाणीच्या दवाखान्यातनं आलोय. बाळ कुठं हाय?"

"घरात हाय. आमच्याकडंच बाळंतपणाला आलीया बहीण. झोपलंय सारखं बाळ. दूधबी ओढंना झालंय म्हणून आई मघाशी..." ते वाक्य तसंच सोडून त्यानं यंत्र बंद केलं आणि गाडीत येऊन बसला.

घर गावाच्या कडेला होतं. बहीण आत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. आजी दारात. आजीनं उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सकाळी एकदा नेलतं. आता परत नको."

"अगं आई, डॉक्टरनं बलिवलंय," भैरू म्हणाला.

"तू गप रं. तितं गेलं की आधी नाव विचारत्यात. ह्या पोरीची दोन लेकरं गेली. दोन्ही बारीला दवाखान्यात नाव सांगून मोकळी झालती. आता बाराव्या दिवसाच्या आत मी ह्या घरातनं नाव निघू देणार न्हाय. जीव गेला तरी न्हाय."

नावाचा आणि त्या मरणांचा काही संबंध नाही, असं तिला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. अण्णांनी हातानंच मला थांबवलं आणि पायरीवर बसले. माझ्याकडून लॅपटॉप घेतला, मोबाइलला जोडला, दवाखान्याचा अर्ज उघडून आजीपुढे धरला.

"आजी, ही लाल चांदणी दिसतीया? ही हाय म्हणून नाव विचारत्यात. ही मी लावलीया. आता बगा."

त्यांनी काही ओळी बदलल्या. वेळ लागला, मोबाइलला तिथं रेंज कमी होती. आजी तशीच उभी होती, भैरू घाम पुसत होता, आत बाळ रडतही नव्हतं. मग पान पुन्हा उघडलं. बाळाच्या नावापुढची चांदणी गेली होती. ती आता आईच्या नावापुढे होती.

"आता तुम्हाला नाव कुणी विचारणार न्हाय," अण्णा म्हणाले. "आईचं तेवढं सांगा."

आजीला पडद्यावरचं काय कळलं ते मला ठाऊक नाही. ती पडद्यापेक्षा अण्णांकडेच जास्त बघत होती.

"तुम्हीच लावली, तुम्हीच काढली?"

"व्हय."

"मग आधी लावली कशाला?"

"चुकलं," अण्णा म्हणाले.

आतून बहिणीचा आवाज आला, "सुवर्णा. सुवर्णा लिवा, अण्णा." आणि ती बाळाला पदराखाली घेऊन उठून उभी राहिली. आजीनं दारातून अंग बाजूला केलं. मग तिनंही चपला घातल्या.

बाळ निपाणीला पोचलं तेव्हा अजून ऊन होतं. रेश्मा दारातच उभी होती. तिनं नवा अर्ज उघडला, आईचं नाव विचारलं, लिहिलं, आणि अर्ज पुढे गेला. आजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. दुसरा काही प्रश्न आला नाही तशी ती बाकावर टेकली.

पुढचे दोन दिवस अण्णा ऑफिसात होते, पण असून नसल्यासारखे. स्पेसबार दाबून बघायलाही कुणाच्या टेबलाशी गेले नाहीत. डबा तसाच घरी न्यायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "उतरलं, परशराम. चांगलं उतरलंय. दूध ओढतंय, रडतंय, नर्सच्या अंगावर ओरडतंय." अण्णांनी फोन ठेवला आणि गॅलरीत गेले. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. डबा उघडला, आणि सगळा संपवला. मग माझ्या डब्यातली भाकरीही मागून घेतली.

बाईंनी नंतर आग्रह धरला की तो तळाचा रकाना आता सक्तीचा करा. त्यानंच तर बाळ सापडलं. अण्णांनी साफ नकार दिला. "मॅडम, चांदणी लावली की तितंबी टिंब येणार. सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलंय त्यानं. ते तसंच ऱ्हाऊ दे." बाई ऐकत नव्हत्या. अण्णांचा आवाज हळूहळू पूर्वीच्या उंचीला गेला, खालचं गिऱ्हाईक वर बघायला लागलं, आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. तो रकाना आजही तसाच आहे.

बारसं बाराव्या दिवशीच झालं, संकेश्वरला. भैरू स्वतः ऑफिसात येऊन बोलावून गेला होता. आम्ही दोघं गेलो. बायका आत पाळण्याभोवती आणि पुरुष बाहेर मांडवात. आजीनं बाळाला पाळण्यात घालण्याआधी बाहेर उन्हात आणलं आणि अण्णांपुढे धरलं. अण्णांनी चष्मा लावला. बाईंनी दाखवलं होतं तसं बाळाच्या कपाळावर बोट हलकेच दाबून बघितलं, मग डोळे बघितले.

"पिवळं न्हाय," ते म्हणाले. "काळं हाय. आपल्यासारखं."

मांडव हसला, आजीही हसली आणि बाळाला घेऊन आत गेली. पाळण्यात बाळाच्या कानात सांगितलेलं नाव मी ऐकलं. दवाखान्याच्या अर्जात ते अजून लिहिलेलं नाही, आणि त्यावाचून कुणाचा खोळंबा झालेला नाही.

मला कंग्राळीला वेळेवर पोचायचं होतं, म्हणून मी लवकर निघाले. अण्णांना भैरू सोडेना. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, अण्णा घरी अचानक गेले, हृदय थांबून. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मांडवातच. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मागे रेलून, दोन्ही पाय लांब सोडून ते बसले होते. मांडीवर कागदात बारशाच्या घुगऱ्या. आत बायका सगळ्या एकदम बोलत होत्या, पाळण्याची कडी करकरत होती, शेजारी भैरू काहीतरी सांगत होता. अण्णा डोळे मिटून, सावकाश, एकेक घुगरी तोंडात टाकत होते. मी "येते, अण्णा," म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात तेवढा वर केला, आणि पुन्हा कागदात घातला.